पऱ्याचं पाणी नळाला: कोकणातल्या गुरुत्व नळपाणी योजनेचं परीक्षण

डोंगरात वर बारमाही पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, खाली वाडी आणि मधे पंप नाही. संगमेश्वर, लांज्यापासून वैभववाडी, सावंतवाडी, दोडामार्गापर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याच्या कितीतरी वाड्यांना पाणी देणारी गुरुत्व नळपाणी योजना एवढ्यावर चालते. हे परीक्षण कुठल्या एका गावच्या योजनेचं नाही, या पद्धतीच्या सेवेचं आहे. पाणी रानातून निघाल्यापासून शेवटच्या घराच्या नळाला येईपर्यंत कुठे काय बरं चालतं, कुठे काय बिघडतं आणि का बिघडतं, ते इथे क्रमाने पाहू. ग्रामसभेत ‘बोअर मारायची, सौरपंप बसवायचा की पऱ्याचंच पाणी आणायचं’ असा विषय निघाला असेल तर उपयोग होईल.

मत आधीच सांगून टाकतो. मे महिन्यातही पुरेसं वाहणारा पऱ्या आणि पुरेशी उंची, या दोन गोष्टी असतील तर दुसरी कुठलीही योजना घेऊ नये. वीजबिल नाही, मोटर जळणं नाही, केबल चोरीला जाणं नाही. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. दोन्ही वेळा कोकणातली कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात होती आणि पंपावर चालणारे नळ कोरडे पडले होते. वरून उताराने येणाऱ्या पाण्याला वीज लागत नाही. पण आपोआप चालते म्हणूनच ही योजना सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. बैठकीत चर्चा होते ती पाइपची, टाकीची, नळजोडणीची. पऱ्याचा विषय निघत नाही, आणि बहुतेक बिघाड सुरू होतात ते पऱ्याच्याच टोकाला.

पाणी मोजायचं ते मे महिन्यात

कोकणात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास आणि घाटाकडे त्याहून बराच जास्त पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली कातळ. पाणी मुरायच्या आत खाडीला मिळतं. त्यामुळे दिवाळीत खळाळणारा पऱ्या बघून योजना ठरवणं ही पहिली आणि सगळ्यात महागडी चूक. मोजणी करायची ती मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, वळीव पडायच्या आधी.

पद्धत साधी आहे. जिथून पाणी उचलायचं तिथे प्रवाहाला आडवा चिखलमातीचा छोटा बांध घालायचा आणि त्यात हात-दीड हात लांबीचा पाइपचा तुकडा बसवायचा. बाजूने झिरपणारं पाणी चिखलाने बंद करायचं, अर्धा तास थांबायचं आणि मग पाइपाखाली २० लिटरची बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते बघायचं. तीनदा मोजून सरासरी घ्यायची. अर्धा तास थांबायचं कारण असं की बांधामागे साठलेलं पाणी आधी जोरात येतं आणि पऱ्या आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. बादली ४० सेकंदांत भरली तर प्रवाह सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर.

आता गरज. १५ ऑगस्ट २०१९ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. वाडीची वस्ती ३०० धरली तर १६,५०० लिटर पुरावेत. पण कोकणात हा हिशेब इथेच चुकतो. जनगणनेत वाडी ३०० माणसांची असते, मेमध्ये मुंबई-पुण्याचे चाकरमानी मुलाबाळांसह आले की ती ५०० होते, आणि नेमकं तेव्हाच पऱ्याचं पाणी सगळ्यात कमी असतं. म्हणून माणसं मोजायची तीही मे महिन्यातली. ५०० माणसांना २७,५०० लिटर. वरच्या उदाहरणात तेवढं काढूनही तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त पाणी पऱ्यात उरतं. तेवढं उरलंच पाहिजे. खाली गुरं आहेत, रानातली जनावरं आहेत, कुणाची तरी पोफळीची बाग त्या पाण्याच्या पाटावर उभी आहे. सगळं पाणी पाइपात घातलं तर भांडण पहिल्याच उन्हाळ्यात होतं, आणि भांडणात कोयती पाइपावर पडते.

उद्भवाच्या वर काय आहे

सरकारी भाषेत पाणी जिथून उचलतात त्या जागेला उद्भव म्हणतात. उद्भव कितीही पक्का बांधला तरी पाण्याचा दर्जा ठरतो तो त्याच्या वरच्या अंगाला. वर देवराई असेल तर वाडी नशीबवान. जुनी झाडं, पालापाचोळ्याचा जाड थर आणि कुऱ्हाडीला मनाई, यामुळे तिथला झरा जूनपर्यंत तग धरतो आणि पावसातही फारसा गढूळ होत नाही. वर सरसकट तोड झाली असेल, किंवा तोडीनंतर नुसती काजूची कलमं लावून खालची जमीन तासून साफ ठेवली असेल, तर पहिल्या दोन-तीन पावसांत पऱ्या तांबडालाल येतो आणि मार्चमध्ये आटायला लागतो.

फवारणीकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. आंबा-काजूच्या मोहोराच्या दिवसांत बागांवर कीटकनाशकं मारली जातात. फवारणीचं मिश्रण कालवायला पाणी पऱ्याचंच घेतात आणि पंप, बादल्या धुतातही तिथेच. ते विष गाळणीने अडत नाही, टीसीएलने (ब्लीचिंग पावडरने) मरत नाही आणि पाणी उकळूनही जात नाही. यावर उपाय एकच: उद्भवाच्या वरच्या बाजूला पऱ्याकाठी औषध कालवायला आणि पंप धुवायला ग्रामसभेच्या ठरावाने बंदी, आणि बागायतदाराला त्याच्या बागेतच पाणी मिळेल अशी एक वेगळी नळी. दुसरी गोष्ट केली नाही तर पहिली पाळली जात नाही. कपडे धुणं, गुरं डुंबवणं, उघड्यावर शौचाला बसणं हेही उद्भवाच्या खालीच. आजूबाजूला निदान १५ मीटरवर गडगा किंवा काटेरी कुंपण असावं.

जागेचे कागद ही कोकणातली खास अडचण. उद्भवाच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असतात, त्यातले निम्मे सामायिक हिस्सेदार मुंबईत. तोंडी ‘घ्या पाणी’ म्हणणारा काका गेला की पुतण्या पाइप उखडतो. बक्षीसपत्र किंवा नोंदवलेलं संमतीपत्र हातात आल्याशिवाय खोदाई करू नये. जागा वनखात्याची असेल तर २००६च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचून ठेवा. पिण्याच्या पाण्याची सोय आणि जलवाहिन्या यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. एक हेक्टरहून कमी जमीन आणि ग्रामसभेची शिफारस या प्रमुख अटी. अर्ज त्या कलमाखाली केला तर काम लवकर पुढे सरकतं.

पाणी उचलायचं कसं

सर्रास दिसणारी पद्धत म्हणजे पऱ्यात आडवा काँक्रीटचा छोटा बंधारा, त्याच्या भिंतीतून निघालेला पाइप आणि तोंडाला जाळी. बांधायला स्वस्त, दिसायला पक्कं, आणि पावसाळ्यात सगळ्यात तापदायक. जाळीवर पाला बसतो. फणसाची, किंजळीची रुंद पानं एकदा ओलसर चिकटली की ताटाएवढी जाळी तासाभरात बंद होते. मुसळधार पावसात रात्री वर जाऊन ती कोण साफ करणार? मग जाळीच काढून टाकली जाते आणि पुढच्या आठवड्यात पाइपात खेकडे, काटक्या, वाळू. शिवाय बंधाऱ्यामागे दोन पावसाळ्यांत गाळ भरतो आणि पाइपाचं तोंड त्यात गाडलं जातं. बंधारा करायचाच असेल तर तळाला गाळ सोडायचं दार हवं, पाइपाचं तोंड तळापासून हातभर वर हवं आणि त्याच्यावर निदान ३० सेंटीमीटर पाणी उभं राहायला हवं. पाणी कमी असलं की तोंडाशी भोवरा होतो आणि पाइप हवा ओढतो. खाली नळाला पाणी फुरफुरत येतं ते बहुतेक वेळा यामुळे.

आमची पसंती पऱ्याच्या तळाखालून पाणी घेण्याला. प्रवाहाच्या तळात मीटरभर खोल चर खणायचा, त्यात ६ ते ८ मिमीची भोकं पाडलेला जाड पाइप ठेवायचा. पाइपाला लागून २० ते ४० मिमी खडी, तिच्यावर ६ ते १२ मिमी, वर जाड वाळू आणि सगळ्यात वर पऱ्यातलेच दगडगोटे. क्रम उलटा झाला तर वाळू भोकांतून आत शिरते आणि वर्षभरात पाइप भरतो. या चरातलं पाणी काठावरच्या छोट्या विहिरीत उतरवायचं आणि विहिरीतून पुढे मुख्य वाहिनी. पाला अडकण्याचा प्रश्नच मिटतो, पाणी वाळूतून गाळून येतं, गढूळपणा बराच उतरतो. ठेकेदार वाळूऐवजी जिओटेक्स्टाइलचं कापड गुंडाळायला सांगतात. तांबड्या मातीच्या मुलखात ते नको. बारीक चिकणमातीने त्याची छिद्रं भरतात आणि धुण्यासाठी सगळा चर उकरावा लागतो. चराचा दोष एकच, पण खरा: पऱ्याचा तळ नुसता कातळ असेल तर तो खणता येत नाही. तिथे बंधाऱ्याला पर्याय नाही.

थेट झरा सापडत असेल तर सगळ्यात उत्तम. झऱ्याभोवती बंद पेटी, वरून झाकण, डोंगराच्या बाजूला पावसाचं पाणी वळवणारी चरी आणि उतू जाणाऱ्या पाण्याला वाट. ही वाट झऱ्याच्या मूळ पातळीपेक्षा वर ठेवू नका. पेटीत पाणी तुंबवून झऱ्यावर दाब आणला की तो दुसरीकडून फुटतो आणि पेटी कोरडी पडते.

गाळपेटी आणि तांबडं पाणी

उद्भवानंतर लगेच गाळपेटी हवी. सेकंदाला अर्धा लिटर प्रवाहासाठी २ मीटर लांब, १ मीटर रुंद, मीटरभर खोल पेटी पुरते. पाणी त्यात तासभर रेंगाळतं, वाळू आणि बराचसा बारीक गाळ खाली बसतो. पाणी येण्याचं आणि जाण्याचं तोंड समोरासमोर एकाच उंचीला ठेवलं तर ते वरच्यावर सरळ निघून जातं, म्हणून मधे एक आडवी भिंत लागतेच. तळाला उतार आणि धुऊन काढायला रुंद कॉक.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. जांभ्या मातीचा तांबडा रंग गाळपेटीत बसत नाही. ते कण इतके सूक्ष्म असतात की दिवसभर थांबलं तरी तरंगत राहतात. भारतीय मानक १०५००, २०१२ प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. पहिल्या पावसात पऱ्याचं पाणी याच्या कितीतरी वर जातं. म्हणून गाळपेटीच्या आधी एक वळणनळी ठेवून जोराच्या सरीत पहिले काही तास पाणी योजनेत घ्यायचंच नाही, पऱ्यातच सोडायचं. टाकीत एक दिवसाचा साठा असेल तर वाडीला पत्ताही लागत नाही. या एका वळणनळीने पावसाळ्यातल्या निम्म्या तक्रारी मिटतील, आणि अंदाजपत्रकात कात्री लागली की सगळ्यात आधी हीच जाते, हे पाहून वाईट वाटतं. तरी घरी गढूळ पाणी आलंच तर २० लिटरला अर्धा ते एक ग्रॅम तुरटी, ढवळून चार तास स्थिर ठेवायचं, वरचं पाणी कापडातून गाळायचं आणि उकळायचं.

वाहिनी: काळा पाइप, हवा आणि दाब

डोंगरातल्या वाहिनीला एचडीपीई, म्हणजे आपला काळा पाइप, हाच योग्य. जांभ्यातून येणारं पाणी मऊ आणि पुष्कळदा किंचित आम्लधर्मी असतं, त्याने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, आतून गंजत जातो. पीव्हीसी उन्हात ठिसूळ होतो.

जाडी निवडताना असं पाहा. सेकंदाला अर्धा लिटर पाणी ६३ मिमी पाइपातून नेलं तर घर्षणात किलोमीटरला साधारण सव्वा मीटर उंची खर्च होते. तेच पाणी ४० मिमीतून नेलं तर दहा-अकरा मीटर. म्हणून उंची बेताची असेल तर ६३. पण मोठ्या पाइपाला एक बाजू आहे जी दुकानदार सांगत नाही: त्यात पाणी सावकाश वाहतं, सेकंदाला जेमतेम २० सेंटीमीटर, आणि बारीक गाळ खोलगट भागात बसत जातो. ४० मिमीत वेग त्याच्या दुपटीहून जास्त असतो, गाळ पुढे वाहून जातो. थोडक्यात, ६३ घेतला तर प्रत्येक खोलगट जागी साचलेला गाळ बाहेर सोडायचा वॉशआउट व्हॉल्व्ह हवाच, आणि पावसाळ्यात तो पंधरवड्याला उघडायला माणूसही.

दाबाचा नियम लक्षात ठेवायला सोपा: १० मीटर उंची म्हणजे सेंटिमीटर-चौरसाला १ किलो. ६ किलो दाबाचा पाइप ६० मीटरपर्यंत. उतार याहून जास्त असेल तर दर ५० मीटर उतरल्यावर दाब तोडणारी टाकी, जिला सगळे बीपीटी म्हणतात. तिचं काम एवढंच की पाणी उघड्या हवेत पडावं आणि पुढे शून्यापासून सुरू व्हावं. खालच्या टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह बसवला आणि बीपीटी नसेल, तर टाकी भरून व्हॉल्व्ह बंद होताच सगळ्या उंचीचा दाब खालच्या पाइपावर येतो. दिवसभर ठीक चालणारी वाहिनी रात्री दोनला फुटते ती यामुळे: पाणी कुणी वापरत नसतं, टाकी भरलेली असते. फ्लोट काढून टाकणं आणि उतू जाणारं पाणी नळीने पऱ्यात किंवा गुरांच्या कुंडीत सोडणं हा साधा आणि टिकाऊ मार्ग.

हवा अडकणं हा दुसरा मोठा रोग. वाहिनी खाली उतरून पुन्हा चढली की उंचवट्यावर हवेचा फुगा बसतो आणि पाण्याची वाट अरुंद करतो. लक्षण असं: वर उद्भव भरून वाहतोय आणि खाली धार बोटाएवढी. तिथे एअर व्हॉल्व्ह हवा. तो नसतो तेव्हा कुणीतरी तापवलेल्या खिळ्याने पाइपाला भोक पाडतं. पाणी सुरूही होतं. पण वर पाणी बंद झालं की तेच भोक आतून ओढतं आणि बाजूचा चिखल पिण्याच्या पाण्यात जातो. गुरांच्या गोठ्यामागून जाणाऱ्या पाइपाला असं भोक म्हणजे साथीला आमंत्रण. एक मर्यादाही सांगायला हवी: उंचवटा जर पाण्याच्या दाबरेषेच्या (त्या जागी पाणी आपल्या दाबाने चढू शकतं त्या पातळीच्या) वर गेला असेल तर एअर व्हॉल्व्हही कामाचा नाही, तो हवा बाहेर सोडण्याऐवजी आत घेतो. तिथे पाइपाची वाटच बदलावी लागते.

हे शहाणपण आपल्याकडे जुनं आहे. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला आंबील ओढा अडवून ते पाणी जमिनीखालच्या दगडी नहरीने पुण्यात हौदांपर्यंत नेलं, तेव्हा नहरीवर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. हवेला वाट आणि माणसाला उतरून साफसफाई करायला जागा, दोन्ही त्यातून साधलं. पंपाशिवाय ते पाणी शहराने कैक पिढ्या प्यायलं. पुढे नहरीपेक्षा आधी बिघडलं ते वरचं अंग: कात्रजच्या तलावांभोवती वस्ती वाढली, सांडपाणी आलं आणि ते पाणी पिण्याचं राहिलं नाही.

पुन्हा काळ्या पाइपाकडे. तो ६० सेंटीमीटर खोल पुरलेला हवा, रस्त्याखाली मीटरभर. उघडा टाकला तर तीन शत्रू. वणवा लागला की वितळतो. उन्हाळ्यात पाण्याच्या वासाने साळिंदर कुरतडतं. आणि ऊन: शंभर मीटर पाइप २० अंशांच्या फरकाने फूटभर लांब-आखूड होतो. दुपारी तो सापासारखा वळवळून पडलेला दिसतो आणि पहाटे गार झाला की जोड खेचतो. कातळावर खणता येत नाही तेवढ्याच टप्प्याला जीआय, खाली काँक्रीटचे ठोकळे आणि पट्टीने बांधलेला.

जोड करताना पाइपाची तोंडं वितळवणाऱ्या तव्याचं तापमान २१० अंशांच्या आसपास लागतं. पाइपाची तोंडं सपाट कापलेली, कोरडी, स्वच्छ. पावसाच्या भुरभुरीत केलेले जोड सहा महिन्यांत सुटतात. तयार जोडाभोवती कडं सगळीकडून सारखं उमटलेलं दिसलं पाहिजे. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला नाहीच असं असेल तर तो जोड कापून पुन्हा करायला लावावा, ठेकेदार कितीही कुरकुरला तरी.

टाकी आणि टीसीएल

वरच्या उदाहरणातल्या वाडीला २०,००० लिटरची टाकी ठीक. झाकण कुलुपाचं, हवेच्या नळीला बारीक जाळी, दर तीन महिन्यांनी धुणं आणि धुतल्याची तारीख टाकीवर रंगवलेली. ती तारीख दोन वर्षांपूर्वीची दिसली तर बाकी काही विचारायची गरज नाही.

पाणी देवराईतलं असो वा झऱ्याचं, शुद्धीकरण केल्याशिवाय ते नळाला सोडू नये. ‘आमचं पाणी काचेसारखं आहे, औषध कशाला’ हे वाक्य या योजनेचं सगळ्यात मोठं नुकसान करतं. वरच्या अंगाला एक मेलेलं जनावर पुरतं.

माप: ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी टीसीएल १००० लिटरला ५ ग्रॅम. २०,००० लिटरच्या भरलेल्या टाकीला १०० ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात आधी लगदा करायचा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायचं, दहा-पंधरा मिनिटं चुना तळाला बसू द्यायचा. वरचं निवळ पाणी टाकीत, खालचा चुना बाहेर. पावडर थेट टाकीत फेकली तर चुना तळाला साचतो आणि औषध सारखं मिसळत नाही. त्यानंतर निदान अर्धा तास नळ सोडायचे नाहीत, क्लोरीनला तेवढा वेळ लागतोच.

पाणी सतत येत असेल तर एकदाच टाकलेलं औषध दुपारपर्यंत संपतं. तिथे थेंब पद्धत. तासाला १००० लिटर आवक असेल तर बारा तासांना ६० ग्रॅम टीसीएल, ५० लिटरच्या ड्रममधलं निवळ द्रावण मिनिटाला साधारण ७० मिलिलिटर सोडायचं. बिघडतं दोन ठिकाणी: चुन्याने तोटी बुजते, आणि ड्रम रिकामा होत जातो तशी धार कमी होते. नळीचं तोंड थर्माकोलच्या तुकड्याला बांधून पाण्याच्या पृष्ठभागाखाली तरंगतं ठेवलं तर दोन्ही सुटतात.

टीसीएलच्या पोत्याचं खरं वैरी म्हणजे कोकणातली दमट हवा. तोंड उघडं राहिलेलं पोतं ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात पावसाळाभर पडलं की पांढरी भुकटी तशीच दिसते, वास मात्र गेलेला असतो. २० टक्क्यांखाली क्लोरीन असलेली टीसीएल वापरू नये. नमुना जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, साठा थोडा आणि घट्ट झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून वर ठेवावा.

शेवटच्या नळाशी

सेवेची परीक्षा टाकीशी नाही, शेवटच्या घरी होते. ओटी तपासणी (ओटी हे क्लोरीन ओळखायचं रसायन) तिथे करायची: नळीत पाणी, त्यात ओटीचे थेंब, लगेच पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. प्रमाण लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवं, साथीच्या दिवसांत ०.५. रंग दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू आला तर त्यावर भरवसा ठेवू नका. तपासलेलं पाणी आणि ओटी पोटात जाता कामा नये, सांडायचं ते लांब.

जंतू पाहायला एचटूएस बाटली. खुणेपर्यंत पाणी भरून २४ ते ४८ तास खोलीत ठेवायची, पाणी काळं झालं तर ते दूषित. थंडीत वेळ जास्त लागतो, म्हणून पहिल्या दिवशी पाणी स्वच्छ दिसलं म्हणून बाटली फेकू नये. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. त्या पाचजणी कोण, हे वाडीतल्या प्रत्येकाला माहीत हवं. पावसाळ्याआधी आणि नंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणात ग्रामपंचायतीला लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालं, हेही विचारायला लाजू नका. लाल म्हणजे धोका मोठा.

शेवटच्या घराला पाणीच कमी येतं ही तक्रार बहुधा पऱ्याची नसते. वरच्या घरांचे नळ तोटीविना वाहत असतात किंवा कुणी मुख्य पाइपावर परस्पर जाड जोडणी घेतलेली असते. प्रत्येक जोडणीला एकाच मापाची फेरूल (जोडणीच्या तोंडाशी बसणारा ठरावीक भोकाचा तुकडा) आणि तिच्याशी छोटा कॉक, एवढ्याने वाटप बरंच सारखं होतं.

सगळ्यात कच्चा दुवा आहे तो जलसुरक्षकाच्या मानधनाचा. जाळी, गाळपेटी, वॉशआउट, टीसीएल, ओटी, सगळं एका माणसावर. भर पावसात डोंगर चढणाऱ्या त्या माणसाला चार-चार महिने पैसे मिळत नसतील तर वरचं सगळं परीक्षण कागदावर राहतं. वीजबिल वाचतं ना? पाणीपट्टीतला तोच पैसा त्याला वेळेवर द्यावा, रेनकोट, गमबूट आणि चांगली बॅटरी द्यावी, आणि त्याच्या जोडीला दुसरा माणूस शिकवून ठेवावा.

योजना ठेकेदाराकडून ताब्यात घेताना घाई करू नका. खालचा व्हॉल्व्ह चोवीस तास बंद ठेवून वाहिनी पूर्ण दाबाखाली चालत तपासा, ओल दिसेल तिथे खुणेचा दगड ठेवा. प्रत्येक बीपीटीत बादली धरून प्रवाह मोजा. वरच्या आणि खालच्या आकड्यात फरक पडला तर मधे कुठेतरी गळती किंवा चोरी आहे. प्रत्येक वॉशआउट उघडून बघा, कित्येक नुसते शोभेचे असतात. पाइपाचे दोन जादा तुकडे, चार कप्लर, एक एअर व्हॉल्व्ह आणि जाळी ग्रामपंचायतीत जमा करून घ्या. आणि वाहिनीचा नकाशा: कुठला जोड कुठल्या झाडापासून किती मीटर, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या गडग्यापाशी, हे लिहिलेला. दोन प्रती करा, एक दप्तरात आणि एक प्लास्टिकमध्ये घालून जलसुरक्षकाच्या घरी. अंतिम बिलावर सही त्यानंतर.